सुरतेची लुटलेली जहाजे आणि त्यांचे धनी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या मेळाव्यात आपण चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आमचे सारे आयुष्य शाळेच्या चार भिंतींत, मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यात गेले. आम्ही संशोधक नव्हे, आणि वक्ते तर मुळीच नव्हे. तथापि आपली ज्ञाती पिढ्यान्‌पिढ्या व्यापारउदिमावर जगत आलेली आहे. तिच्यापुढे बोलावयाचे तर व्यापाऱ्यांच्याच सुखदुःखाचा विषय घ्यावा असे मनात आले, आणि सतराव्या शतकात सुरत बंदरातील व्यापारी जहाजांची जी लूट झाली व जी धरपकड झाली, तिचा वृत्तांत आपणांपुढे मांडण्याचे ठरविले.

हा विषय सुचण्यास एक लहानसे कारण घडले आहे. इतिहासाच्या तासाला कंटाळलेल्या मुलांना जागे करण्यासाठी आम्ही कधीकधी चाचे लोकांच्या गोष्टी सांगत असू. मुले कान टवकारून ऐकत आणि शेवटी विचारीत, “गुरुजी, तो चाचा सापडला का? त्याचे सोने कुठे गेले?” एके वर्षी मात्र मागच्या बाकावरील एका किराणा दुकानदाराच्या मुलाने निराळेच विचारले. तो म्हणाला, “गुरुजी, त्या जहाजातला माल उधारीचा असेल, तर ती उधारी कोणी फेडली?” वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर काही देता आले नाही. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्याला उशिराने दिलेले उत्तर होय.

प्रथम सुरतेच्या व्यापाराची रीत ध्यानी घेतली पाहिजे. सतराव्या शतकात तापी नदीच्या काठचे सुरत हे मोगल बादशाहीचे सर्वांत मोठे बंदर होते. तेथील जहाजे तांबड्या समुद्रातील मोखा व जेद्दा या बंदरांकडे जात. सुती कापड, नीळ इत्यादी माल घेऊन ती साधारणतः मार्च महिन्यात निघत, आणि नैऋत्येचा वारा धरून भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास परत येत. जाताना जहाजात माल असे. येताना मात्र विकलेल्या मालाचे मोल म्हणून बहुतांशी रोख चांदी-सोने असे, आणि हज करून परतणारे यात्रेकरूही असत. वारा ठरलेला, महिना ठरलेला, आणि मार्गही ठरलेला. तांबड्या समुद्राच्या मुखाशी बाब-एल-मंदेब नावाची अरुंद खाडी आहे. तेथून प्रत्येक जहाजाला गेलेच पाहिजे. लुटारूला याहून अधिक सोय ती कोणती पाहिजे? त्याने खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बसावे, किंवा सुरतेच्या अलीकडे आठ दिवसांच्या अंतरावर दबा धरावा, एवढेच त्याचे काम.

दुसरी गोष्ट अशी की, एक जहाज लुटले म्हणजे एक मनुष्य लुटला असे होत नसे. जहाजाचा धनी एक. पण त्यातील माल शेकडो लोकांचा. कोणाच्या पाच गाठी, कोणाच्या पन्नास. नाखुद्यापासून खलाशापर्यंत प्रत्येकाला थोडाबहुत माल स्वतःच्या हिशेबाने, बिनभाड्याने नेण्याची मोकळीक असे. तीच त्यांच्या मिळकतीची मोठी बाब. त्याखेरीज सावकार निराळाच. समुद्रावरच्या सफरीसाठी कर्ज देण्याची रीत अशी होती की, जहाज सुखरूप परत आले तर मुद्दल आणि त्यावर जबर व्याज मिळावयाचे, आणि जहाज गेले तर सावकाराचे पैसेही गेले. अशा कर्जात उधारी सावकाराच्या माथी बसे. परंतु विणकराला आगाऊ दिलेली रक्कम, आडत्याकडून उचललेले कापड, पेढीवरून काढलेली हुंडी, यांची जोखीम समुद्राशी बांधलेली नव्हती. ती फेडावीच लागे. म्हणून एका जहाजाच्या लुटीचा धक्का नाखुद्याच्या घरापासून खेड्यातल्या मागापर्यंत पोहोचत असे. त्या मुलाच्या प्रश्नाचा पहिला भाग येथे सुटतो: उधारी अनेकांनी थोडीथोडी फेडली, आणि पुष्कळांना ती फेडता आली नाही.

आता लूट करणारे कोण, ते पाहू. या कामाचा पाया पोर्तुगीजांनी घातला. सोळाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी असा नियम केला की, हिंदी महासागरातून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने आमचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यावा, आमच्या बंदरात जकात भरावी. नाहीतर जहाज, माल व माणसे जप्त. समुद्र कोणी बांधला नाही, कोणी विकत घेतला नाही. परंतु ज्याच्या तोफा मोठ्या त्याने त्यावर हक्क सांगितला. मोगल बादशहाच्या घराण्यातील जहाजेही हा परवाना घेत असत, यावरून त्या काळची स्थिती समजून येईल.

आणि परवाना घेऊनही संरक्षण मिळेच असे नाही. जहांगीर बादशहाची आई मरियम-उज-जमानी हिचे ‘रहीमी’ नावाचे प्रचंड जहाज होते. सप्टेंबर १६१३ मध्ये तांबड्या समुद्राकडून परत येत असता पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ पकडले. जहाजापाशी त्यांचाच परवाना होता. तरीही सुमारे सातशे यात्रेकरूंसह ते गोव्यास नेण्यात आले. एका वर्षापूर्वी, १६१२ मध्ये, याच जहाजाला तांबड्या समुद्रात हेन्री मिडल्टन नावाच्या इंग्रज कप्तानाने अडविले होते. त्याने हिंदी जहाजे थांबवून आपला न खपलेला इंग्रजी माल त्यांच्या गळ्यात बांधला, त्यांचा उत्तम माल उचलला, आणि वर दंडही वसूल केला. आणि या सगळ्याला नाव दिले मालाची अदलाबदल! बाजारात असा सौदा करणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते येथे बसलेल्या दुकानदारांस सांगावयास नको.

‘रहीमी’च्या प्रकरणात धनीण खुद्द राजमाता असल्याने बादशहा खवळला. त्याने दमणवर फौज पाठविली, आग्र्यातील जेसुइट पाद्र्यांचे मंदिर बंद करविले, पोर्तुगीजांचा व्यापार थांबविला. १६१५ मध्ये तह झाला. परंतु आपण विचार करावा: राजमातेच्या जहाजासाठी फौज निघाली, एखाद्या साध्या नाखुद्याचे तारू गेले असते तर कोण निघाले असते?

इंग्रजांची पुढील गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १६३५ साली विल्यम कॉब नावाच्या कप्तानाने इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचे परवानापत्र मिळवून ‘रोबक’ हे जहाज पूर्वेकडे हाकारले आणि तांबड्या समुद्राच्या मुखाशी सुरतेचे एक व दीवचे एक अशी दोन जहाजे लुटली. त्यांपैकी एकापाशी सुरतेच्या इंग्रज वखारीचा पास होता. म्हणजे इंग्रज कंपनीने अभय द्यावे, आणि इंग्रज राजाच्या सनदेने तेच अभय मोडावे! बातमी सुरतेस पोहोचताच मोगल अधिकाऱ्यांनी वखारीचा प्रमुख मेथवोल्ड यास कैदेत टाकले आणि कंपनीकडून लाखाहून अधिक रुपये वसूल केले. कंपनीच्या एका कप्तानाने पुढे कॉबला गाठून लुटीचा काही भाग परत मिळविला. या शतकात नुकसानभरपाई म्हणण्यासारखे जे थोडे घडले त्यात या प्रकरणाची गणना होईल. आणि ते घडले याचे कारण इतकेच की, लुटारूच्या जातभाईंची मान सुरतेत सरकारच्या हाती होती.

डचांनीही हाच मार्ग धरला. १६४८ साली सुरतेत त्यांची वखार लुटली गेली. ती भरून काढण्यासाठी दुसऱ्या वर्षी त्यांनी मोखाहून परतणारी सुरतेची जहाजे अडवून धरली आणि हव्या त्या सवलती पदरात पाडून घेतल्या. वखार लुटणारे चोर एक, आणि दंड भरणारे जहाजधनी दुसरेच.

यापुढचा प्रसंग आपल्या मुंबईशी निगडित आहे. लंडनमधील कंपनीचा सूत्रधार सर जोसाया चाइल्ड आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉन चाइल्ड यांनी बादशहाशी उघड युद्ध करण्याचे ठरविले. हे युद्ध म्हणजे प्रत्यक्षात व्यापाऱ्यांची जहाजे पकडणे होय. १६८८ व १६८९ या वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर मोगल प्रजेची अनेक जहाजे इंग्रजांनी धरून मुंबईस आणली. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या सैन्यासाठी धान्य नेणारा ताफाही त्यांनी पकडला. आणि तेथेच गणित चुकले. सिद्दी याकूबखान १६८९ मध्ये फौज घेऊन शिवडीस उतरला. माझगाव, माहीम त्याच्या हाती पडली, आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. शेवटी कंपनीला औरंगजेबाकडे वकील पाठवून क्षमा मागावी लागली. दीड लाख रुपये दंड द्यावा, पकडलेला माल परत करावा, आणि जॉन चाइल्डला काढून टाकावे, अशा अटींवर १६९० मध्ये समेट झाला. चाइल्ड त्याच वर्षी फेब्रुवारीत मरण पावला. सिद्दीने जूनमध्ये बेट सोडले. जहाजे पकडली साहेबांनी. घरेदारे सोडून पळावे लागले ते मुंबई बेटावरील कोळी-कुणब्यांना. हा न्याय त्या काळी सर्वत्र एकच होता.

आता आपण मुख्य प्रकरणाकडे वळू. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत मुल्ला अब्दुल गफूर नावाचा बोहरा व्यापारी जहाजधन्यांत अग्रगण्य होता. त्याची वीसेक जहाजे समुद्रावर असत, आणि त्याच्या एकट्याचा व्यापार इंग्रज कंपनीच्या तोडीचा आहे, असे अलेक्झांडर हॅमिल्टन या समकालीन प्रवाशाने लिहून ठेविले आहे. १६९१ मध्ये त्याचे एक जहाज नऊ लाख रुपये रोकड घेऊन येत असता सुरतेच्या नदीच्या मुखाशीच लुटले गेले. घराच्या उंबऱ्यावर नऊ लाख गेले! सुरतेच्या अधिकाऱ्यांनी इंग्रज वखारीवर पहारा बसविला, त्यांचा व्यापार थांबविला.

चार वर्षांनी, सप्टेंबर १६९५ मध्ये, हेन्री एव्हरी नावाचा इंग्रज लुटारू आपल्या ‘फॅन्सी’ नावाच्या जहाजानिशी आला. प्रथम त्याने अब्दुल गफूरचेच ‘फतेह मुहम्मदी’ हे जहाज लुटले. नंतर त्याने खुद्द बादशहाच्या ‘गंज-इ-सवाई’वर हल्ला केला. सुरत बंदरात याहून मोठे जहाज नव्हते. या प्रसंगाचे वर्णन खाफीखान या समकालीन इतिहासकाराने केलेले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जहाजावर ऐंशी तोफा व चारशे बंदुका होत्या, आणि मोखा व जेद्दा येथे विकलेल्या मालाची बावन्न लाख रुपयांची चांदी व सोने होते. सुरत आठ-नऊ दिवसांवर राहिली असता गाठ पडली. जहाजावरची एक तोफ फुटून आपलेच तीन-चार लोक मेले. शत्रूच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी निकामी झाली. आणि नाखुदा इब्राहिमखान तळघरात जाऊन लपला. मग आठवडाभर लूट चालली. बायकांची विटंबना झाली. कित्येकींनी समुद्रात उड्या टाकून, कित्येकींनी शस्त्राने स्वतःचा अंत करून घेतला. रुपयांचा हिशेब मांडता येतो, बंधूंनो. या गोष्टीचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावा?

रिकामे जहाज सुरतेस लागले तेव्हा शहर पेटून उठले. इंग्रज वखारीतील प्रमुख ॲन्स्ली व त्याचे सर्व सहकारी कैदेत पडले. त्यांना बेड्या घातल्या गेल्या. सुरतेचा अधिकारी इतिमादखान याने त्यांना कैदेत टाकले नसते तर लोकांनी त्यांस ठार केले असते, असेही म्हटले जाते. १६९६ च्या जूनअखेर, म्हणजे सुमारे नऊ महिन्यांनी, ते सुटले. परंतु त्यापूर्वी यात्रेकरूंच्या जहाजांना आपल्या जहाजांचे संरक्षण देण्याचे त्यांनी कबूल केले.

खाफीखान त्या काळी व्यापाराच्या कामात होता. रायरीच्या, म्हणजे आपल्या रायगडच्या, मोगल फौजदारासाठी सुमारे दोन लाखांचा माल सुरतेत खरेदी करून तो किनाऱ्याकिनाऱ्याने येत होता. वाटेत मुंबईस इंग्रज अधिकाऱ्याशी आपली भेट व बोलणी झाली, असे त्याने लिहिले आहे. लुटीची हकीकत आपल्या बाजूने सांगणारा एक तरी मनुष्य असा आपल्या कोकणच्या वाटेवरून जात होता, हे आठवून आम्हांस नेहमी समाधान वाटते.

एव्हरीचे पुढे काय झाले? तो कधीच सापडला नाही. त्याच्या साथीदारांपैकी सहा जणांवर १६९६ मध्ये लंडनला खटला झाला. पहिल्या खटल्यात पंचांनी त्यांना चक्क निर्दोष ठरविले! पुन्हा दुसऱ्या आरोपावर खटला भरावा लागला, आणि नोव्हेंबरात पाच जण फाशी गेले.

यानंतरचे प्रकरण १६९८ चे. विल्यम किड यास इंग्लंडच्या राजाने चाचे लोकांना पकडण्याची सनद दिली होती, आणि मोठमोठे सरदार त्याच्या सफरीत भागीदार होते. ३० जानेवारी १६९८ रोजी त्याने कोचीनजवळ ‘केदा मर्चंट’ हे बंगालहून सुरतेस जाणारे जहाज पकडले. त्यात रेशीम, मलमल, साखर, अफू, सोरा असा माल होता. काही माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, काही मोगल दरबारातील मुखलिसखान या उमरावाचा. जहाजावर फ्रेंचांचा पास होता; फ्रेंच हे इंग्रजांचे शत्रू, म्हणून जहाज जप्तीस पात्र, असे किडचे म्हणणे. किडचा हा पुरावा खटल्याच्या वेळी गहाळ झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी दप्तरात सापडला. किड १७०१ मध्ये फासावर गेला. किड दोषी की निर्दोष यावर इंग्रजी भाषेत ग्रंथांवर ग्रंथ झाले आहेत. २००७ मध्ये त्या जहाजाचे अवशेष वेस्ट इंडीजमधील एका बेटाजवळ, पाण्याखाली अगदी थोड्या खोलीवर मिळाले, तेव्हाही जगभर किडच्याच नावाचा गाजावाजा झाला.

आणि धनी? जहाजाच्या धन्याचे नाव इंग्रजी लेखनात ‘कोइरजी’ अशा रूपाने येते. हा कोणी कुंवरजी असावा, असा आमचा तर्क आहे. ज्याचे जहाज गेले त्याचे नावसुद्धा आपल्यापर्यंत धड पोहोचले नाही. जहाजावर असलेला ख्वाजा बाबा नावाचा आर्मेनियन व्यापारी मात्र चिकाटीचा निघाला. तो दाद मागण्यासाठी थेट लंडनला गेला आणि १७०१ मध्ये त्याने पार्लमेंटपुढे अर्ज केला. परंतु किडची जी मालमत्ता सापडली ती राजाकडे जमा झाली. तिच्या विक्रीतून आलेले सुमारे साडेसहा हजार पौंड १७०५ मध्ये ग्रिनिच येथील वृद्ध व जखमी इंग्रज खलाशांच्या आश्रमाला देण्यात आले. दान उत्तम, धर्मकृत्यही उत्तम. पण ते कोणाच्या पैशाने झाले, हे विचारण्यास तेथे कोणी उभा नव्हता.

इकडे सुरतेत व्यापाऱ्यांनी पुन्हा ओरड केली. शेवटी १६९८ च्या अखेरीस इंग्रज, डच व फ्रेंच या तिन्ही कंपन्यांना सुरतेच्या अधिकाऱ्याने एकदम पकडीत धरले. तडजोड अशी ठरली की, डचांनी हजच्या जहाजांना सोबत करावी व तांबड्या समुद्राचे तोंड राखावे. इंग्रजांनी दक्षिणेकडील समुद्र राखावा. फ्रेंचांनी इराणी आखात राखावे. डचांनी सत्तर हजार रुपये, आणि इंग्रज व फ्रेंच यांनी प्रत्येकी तीस हजार रुपये सुरतेच्या अधिकाऱ्याकडे भरले. आता बेरीज आपणच करावी. तिन्ही मिळून एक लाख तीस हजार. एकट्या अब्दुल गफूरचे एका खेपेस नऊ लाख गेले होते!

शिवाय या तडजोडीत पुढील अनर्थाचे बीज होते. आपल्या समुद्राचा पहारा आपण परक्यांच्या हाती दिला. हिंदी व्यापारी तर त्याआधीच, १६२० नंतरच्या काळापासून, आपला माल भाडे देऊन इंग्रजांच्या व डचांच्या जहाजांवर घालू लागले होते. कारण त्या जहाजांना कोणी धरीत नसे. सुरतेचा कोट्यधीश वीरजी व्होरा हाही याच मार्गाने माल पाठवी. म्हणजे ज्याने मार्ग धोक्याचा केला, त्यालाच सुरक्षिततेचे भाडे द्यावयाचे. कोणत्याही एका दरोड्यात गेले नसेल इतके आपल्या जहाजधन्यांचे या नित्याच्या भाड्यात गेले, असे आमचे मत आहे.

सुरतेच्या व्यापाऱ्यांना एकी ठाऊक नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. १६६९ मध्ये काजीच्या जुलमाला कंटाळून सुरतेचे सुमारे आठ हजार वाणी भीमजी पारेख याच्या पुढारीपणाखाली घरदार सोडून एकदम भडोचला निघून गेले. प्रथम त्यांनी मुंबईस येण्याविषयी इंग्रज प्रमुख ऑन्जियर याचा सल्ला घेतला होता. त्याने सावधपणे थांबण्यास सांगितले. शहराचा बाजार बंद पडला, जकात थांबली, आणि तीन महिन्यांत बादशहाकडून आश्वासन मिळवूनच ते परतले. एकाही तलवारीवाचून मिळविलेला हा जय आहे. जमिनीवर ज्ञातीची व महाजनांची अशी शक्ती होती. समुद्रावर मात्र ती चालत नव्हती. तेथे लढाऊ जहाजे पाहिजेत, आणि ती राज्यकर्त्यानेच बांधली पाहिजेत. मोगलांनी तो विचार केला नाही. ते सिद्दीवर विसंबून राहिले.

तो विचार केला शिवछत्रपतींनी. सुरतेच्या व्यापाऱ्यांना १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांत महाराजांच्या हातूनही मोठी झळ लागली, हे आम्ही लपवीत नाही. तो शत्रूच्या राजधानीसारख्या शहराशी केलेला युद्धव्यवहार होता, तरी लुटल्या गेलेल्या पेढीवाल्याच्या घरी दुःख तेच. परंतु समुद्रावर सत्ता नसेल तर किनाऱ्यावरील प्रजेला वाली नाही, हे ओळखून आरमार उभारणारा सतराव्या शतकातील हिंदी राजा तोच. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त सावकारांस दिलासा देण्याविषयी आणि आरमार सज्ज राखण्याविषयी स्वतंत्र प्रकरणे आहेत, ती ज्ञातीतील प्रत्येक तरुणाने अवश्य वाचावीत. व्यापाऱ्याचे रक्षण हे राज्याचे स्वतःचेच रक्षण होय, हा त्यातील विचार.

हा सारा वृत्तांत जुना झाला असे कोणी म्हणेल. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच तांबड्या समुद्रात एक व्यापारी जहाज खलाशांसह पकडले गेले, आणि ते खलाशी जानेवारी २०२५ मध्ये सुटले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. खाडी तीच, धोका तोच, आणि दूरच्या दुकानातील मालाचा भाव वाढतो तोही तसाच.

आता शेवटी एक गोष्ट कबूल करावयाची आहे, आणि हे व्याख्यान खरे पाहता तिच्यासाठीच आहे. आम्ही आपणांस जी हकीकत सांगितली तिचे आधार कोणते? खाफीखानासारखा एखादा अपवाद वगळला तर, इंग्रजांच्या वखारीची पत्रे, डचांची दप्तरे, लंडनच्या न्यायालयातील जबान्या. म्हणजे लुटणाऱ्यांच्या व त्यांच्या सोयऱ्यांच्या लेखणीतून आपण लुटल्या गेलेल्यांचे दुःख वाचतो. आपल्या लोकांना लिहिता येत नव्हते काय? आपण तर हिशेबाची जात! रोजकीर्द, खतावणी, हुंडीच्या नकला, सारे पै-पैसह लिहिले जात होते. त्या वह्या गेल्या कुठे?

त्या कुठे गेल्या, ते आम्हांस चांगले ठाऊक आहे. आमच्याच घराच्या माळ्यावर आजोबांच्या वेळच्या लाल कापडात बांधलेल्या मोडी वह्यांची दोन गाठोडी होती. त्यांत बंदरातल्या आडतीचे हिशेब आहेत, असे वडील सांगत. आम्ही तरुणपणी घर दुरुस्त करताना ती रद्दीत घातली. मोडी आम्हांस वाचता येत नव्हती, आणि वाळवी लागली होती, एवढेच कारण. किती पैसे आले तेही आज आठवत नाही. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने हे केले! त्या गाठोड्यांत एखाद्या फुटलेल्या गलबताची, बुडीत घातलेल्या रकमेची, कोणा विधवेचे येणे माफ केल्याची नोंद नसेल कशावरून? कोणा कुंवरजीचे नाव तेथे शुद्ध लिहिलेले नसेल कशावरून?

म्हणून मंडळाजवळ आमची एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी जुन्या वह्या, कागद, पत्रे असतील त्यांनी ती कृपा करून टाकू नयेत. मंडळाने एक कपाट त्यांसाठी राखावे, आणि सुटीत मोडी लिपीचा वर्ग चालवावा. आम्ही स्वतः या वयात मोडी शिकण्यास बसलो आहोत. अक्षर अजून अडखळते, पण आकडे वाचता येऊ लागले आहेत. वाण्याच्या वहीत आकडे वाचता आले म्हणजे अर्धे काम झालेच.

त्या दुकानदाराच्या मुलाचा प्रश्न आपण विसरू नये. उधारी कोणी फेडली? इंग्लंडच्या राजाने फेडली नाही, दिल्लीच्या बादशहाने फेडली नाही, कंपन्यांनी रुपयात चार आणेही फेडली नाही. ती आपल्यासारख्याच घरांनी, दागिने मोडून, वाडे गहाण टाकून, व्याज सोडून, पिढ्यांच्या कष्टाने फेडली. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. असतील तर आपल्या माळ्यांवर आहेत.